वाटीत पेज किती, पाणी किती?

वाचकांचे प्रश्न : लहान मुलांचे आरोग्य आणि आहार

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली, कारण गोव्यातल्या सत्तरी आणि डिचोलीत अंगणवाड्यांची मुख्यसेविका म्हणून फिरताना तीस वर्षे हाच प्रश्न मला घरोघरी भेटत राहिला. निवृत्तीनंतरही भेटतो.

प्रश्न : मावशी, माझी मुलगी दहा महिन्यांची आहे. सहाव्या महिन्यात तिचे वजन ६.८ किलो होते, आता ७.१ आहे. वाढीच्या कार्डावर ती हिरव्या पट्ट्यात आहे म्हणून काळजी करू नकोस, असे सगळे म्हणतात. अंगावरचे दूध चालू आहे. सासूबाई दिवसातून चार वेळा उकड्या तांदळाची पेज देतात, ती आवडीने पिते. शेजारणीने डब्याची पावडर सुरू करायला सांगितले आहे. करू का?
– एक आई, वाळपई

उत्तर : बाय, डब्याची पावडर नको. पण ‘काळजी करू नकोस’ हेही मला पटत नाही.

कार्डावर ठिपका कुठल्या रंगात पडला एवढेच बघून थांबायचे नसते. मागचे ठिपके जोडून रेष कुठे चालली आहे ते बघायचे. सहाव्या महिन्यापासून दहाव्यापर्यंत मुलीचे वजन साधारण सव्वा किलोने वाढते. तुझ्या मुलीचे तीनशे ग्रॅमने वाढले. ती हिरव्यात आहे हे खरे, पण तिची रेष आडवी झाली आहे, आणि आडवी रेष काही महिन्यांत पिवळ्यात उतरते. आत्ताच हात घातलास तर ती सहज वर वळेल.

तू लिहितेस, ‘पेज पिते’. खाते असे लिहिले नाहीस. माझे लक्ष तिथेच गेले.

१९९१ चा पावसाळा होता. म्हादईकाठच्या एका वाड्यावर अकरा महिन्यांचा मुलगा होता, हातपाय काडीसारखे. आई सांगत होती, दिवसाला पाच वाट्या पेज घेतो, तरी अंगाला लागत नाही, कुणाची तरी नजर लागली असेल. मी तिला म्हटले, रोज देतेस तशीच एक वाटी भरून आण. तिने आणली. मी धुतलेला पंचा मागितला, दुसऱ्या भांड्यावर धरला आणि वाटी त्यावर ओतली. पाणी खाली गेले. पंच्यात राहिला तो भात चमच्याने मोजला, दोन चमचे भरला. म्हणजे पाच वाट्यांतून दिवसभरात त्या मुलाच्या पोटात दहा चमचे भात गेला होता, बाकी पाणी. ती बाई कितीतरी वेळ पंच्याकडे बघत राहिली. मला तेव्हा फार वाईट वाटले, कारण तिची चूक नव्हती. ती स्वतः जे खात होती तेच मायेने मुलाला देत होती.

आपली पेज ही मुळात शेतात राबणाऱ्या माणसाची. सकाळी दहाला कामावरून यायचे, पेज प्यायची, सोबत सुके निस्ते (मासळी) नाहीतर लोणचे, आणि दुपारी पुन्हा शीत-कडीचे जेवण आहेच. घामावाटे गेलेले पाणी आणि मीठ ती भरून देते. पण बाळाला दुपारचे जेवण वेगळे नसते. त्याचे सगळे जेवण त्या वाटीतच असते. बाळाच्या पोटात किलोमागे साधारण तीस मिली मावते, म्हणजे तुझ्या मुलीच्या पोटात एका वेळी एक लहान वाटी. ती वाटी पाण्याने भरली की भूक मेली. मूल शांत होते, झोपतेही, आणि आपल्याला वाटते पोट भरले.

म्हणून तांदूळ तेच ठेव, मडकेही तेच. मोठ्यांसाठी पाणी वाढवायच्या आधी बाळाचा गर बाजूला काढ. त्यात शिजवलेली मुगाची डाळ घाल, चमचाभर तूप किंवा खोबरेल तेल घाल आणि चांगले कुस्कर. मिक्सरला लावून अगदी गुळगुळीत करू नकोस, दहाव्या महिन्यात थोडे रवाळ लागायला हवे. चमच्यात घेऊन चमचा तिरका कर. घसरून गळला तर पातळ आहे, टिकून राहिला तर बरोबर. अडीचशे मिलीची वाटी अर्धी, अशी दिवसातून तीन-चार जेवणे, आणि मध्ये एक-दोन वेळा कुस्करलेले केळे किंवा उकडलेल्या अंड्याचा तुकडा. वर्ष झाले की पाऊण ते पूर्ण वाटी. अंगावरचे दूध मागेल तेव्हा दे, दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही. मध मात्र वर्ष होईपर्यंत चाटवायचाही नाही.

घट्ट खाताना तिला ठसका लागतो किंवा ती तोंड फिरवते, असे झाले तर पाणी ओतू नकोस. नाचण्याला मोड आण, वाळव, अगदी हलके भाज आणि दळून डब्यात ठेव. गरम घट्ट खिमटात या पिठाचा एक लहान चमचा घालून ढवळ आणि पुन्हा मंद आचेवर थोडा वेळ ठेव. खिमट डोळ्यांदेखत सैल होते. मोड आलेल्या धान्यात पिष्ट फोडणारे द्रव्य तयार होते, त्याचा हा गुण. वाटीतले अन्न तेवढेच राहते आणि गिळायला मऊ होते. मी हे शेकडो आयांना करून दाखवले आहे, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य यायचे ते मला अजून आठवते.

नाचण्यावरून आणखी एक. पुष्कळ घरांत सत्व काढतात, म्हणजे भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून चोथा टाकतात. त्या चोथ्याबरोबर चांगलेही बरेच जाते. शंभर ग्रॅम नाचण्यात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, ते फेकायला का द्यायचे? बारीक दळलेल्या अख्ख्या पिठाची तिजान कर, नारळाच्या रसातली. सासूबाईंना ती तुझ्यापेक्षा चांगली येत असणार. त्यांनाच करायला सांग. त्यांच्या पेजेला नावे ठेवलीस तर घरात भांडण होईल आणि मुलीच्या ताटात काहीच बदलणार नाही.

पावडर का नको, तेही सांगते. डबा महाग, म्हणून घरोघरी ती सांगितल्यापेक्षा कमी घालतात आणि पुन्हा पाणीच जाते. त्याबरोबर बाटली येते, आणि बाटलीच्या बुचातून जुलाब येतात.

महिन्याने त्याच काट्यावर वजन कर. दोनशे ग्रॅमच्या वर वाढले तर रेष वळली. अंगणवाडीत दंडाचा घेरही मोजून घे. साडेबारा सेंटिमीटरच्या खाली गेला तर डॉक्टरांकडे जा, साडेअकराच्या खाली असेल तर त्याच दिवशी. आणि नीट खाऊनही वजन हलले नाही, तर कुठे आत संसर्ग आहे का हे तपासायला हवे. त्यातही वेळ घालवू नकोस. मला कळव, मी वाट बघते.

प्रश्न : ताई, आमचा मुलगा आठ महिन्यांचा. आई म्हणते, दात आल्याशिवाय निस्ते देऊ नका, जंत होतात. बायको म्हणते, द्यावे. द्यायचे तर कुठले द्यावे?
– एक वडील, पेडणे

उत्तर : द्या. सहा महिने पूर्ण झाले की मासळी चालते. जंत होतात ते मातीतून, न धुतलेल्या हातांतून आणि उघड्यावरच्या शौचातून, शिजवलेल्या मासळीतून नव्हे. रांगणाऱ्या बाळाचे हात धुवा, आणि एक वर्ष झाले की आरोग्य केंद्रातून जंताचे औषध मिळते ते वेळेवर द्या.

सुरुवात मुडदुशीने करा. आपल्याकडे आजारातून उठलेल्याला आणि लहानग्याला मुडदुशी द्यायची रीत आहे, आणि ती रीत शहाणपणाची आहे. मांस मऊ आणि काटा सापडायला सोपा. हळद लावून वाफवा, मग बोटांनी कुस्करून काटे काढा आणि पुन्हा एकदा बोटे फिरवा. दुसऱ्या फेरीत हमखास एखादा सापडतोच. पहिल्या दिवशी एक चमचा, तोही सकाळी, म्हणजे अंगावर गांधी उठल्या किंवा तोंड सुजले तर दिवसाउजेडी कळेल. श्वास घ्यायला त्रास झाला तर थेट १०८. काही झाले नाही तर चार-पाच दिवसांनी बांगडा द्या. तारल्यांत डोक्याच्या आणि डोळ्यांच्या वाढीला लागणारी स्निग्धे भरपूर असतात, पण काटे बारीक, म्हणून ती प्रेशर कुकरमध्ये काटा विरघळेपर्यंत शिजवूनच. इसवण (सुरमई) आणि मोरी (शार्क) चवीला कितीही छान असली तरी लहान मुलांना रोजची नकोत. मोठी मासळी लहान मासळी खाऊन वाढते आणि तिच्या अंगात पारा साठत जातो. घरात इसवण आणण्याची ऐपत आहे म्हणून बाळाला तीच द्यायची, असे मी पाहिले आहे. दहा तारल्यांना पैसे कमी लागतात, पण बाळाला त्यांचाच उपयोग जास्त.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बाजारात सुक्याचा भर. खारे बांगडे आणि सुकी सुंगटे बाळाला नकोत, त्यांतले मीठ त्याच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. त्या दोन महिन्यांत अंडी, मूग, अळसांदे (चवळी), कुळीथ. वर्षाच्या आत बाळाच्या जेवणात वेगळे मीठ घालायचेच नाही. आणि घरातल्या स्वयंपाकाला आयोडीनचे मीठ वापरा. आगराचे जाडे मीठ मला स्वतःला आवडते, लोणच्याला आणि खाऱ्या मासळीला ते हवेच, पण त्यात घातलेले आयोडीन नसते. अंगावर पाजणाऱ्या आईला ते लागते, कारण बाळाच्या मेंदूची वाढ त्यावर चालते.

प्रश्न : नातू अडीच वर्षांचा. मुलगा आणि सून कामाला जातात, तो दिवसभर माझ्याकडे असतो. सकाळी माझ्यासोबत चहात पाव बुडवून खातो. मग दिवसभरात चार-पाच बाटल्या दूध. जेवायला बसत नाही. आरोग्य केंद्रात रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ८.९ निघाले. लोहाचे औषध दिले होते, पण दात काळे दिसायला लागले म्हणून सुनेने बंद केले. माझे काही चुकते आहे का?
– एक आजोबा, साखळी

उत्तर : भाऊ, तुम्ही नातवाला दिवसभर सांभाळता आणि एवढे बारकाईने लिहिता, यातच त्याचे नशीब चांगले आहे. बदल फक्त दोन-तीन ठिकाणी करायचा आहे.

या वयात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले तर पांडुरोग धरतात. ८.९ म्हणजे मध्यम. तुमचे घर काही वेगळे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातली सहा महिने ते पाच वर्षांमधली निम्म्याहून अधिक मुले रक्त कमी असलेली निघाली. शिकलेले राज्य, दवाखाने जवळ, ताटात मासळी, आणि तरी निम्मी. माझ्या कामाच्या काळातली ही सल अजून गेलेली नाही.

दूध वाईट नाही, पण दुधात लोह जवळजवळ नसते. चार-पाच बाटल्या पोटात गेल्या की जेवणाला जागा उरत नाही. शिवाय जास्त दूध जेवणातले लोह अंगी लागू देत नाही. चहाचेही तसेच, त्यातला तुरटपणा लोहाला धरून ठेवतो. म्हणजे सकाळच्या पावातले थोडेफार लोह चहा अडवतो, आणि पुढचे दूध.

दुधाची मर्यादा दिवसाला चारशे ते पाचशे मिली, पेल्यातून, जेवणानंतर. बाटली या आठवड्यात घरातून जाऊ दे. दोन-तीन रात्री तो रडेल, तुमचा जीव कासावीस होईल, पण टिकून राहा.

पाव बंद करू नका. पदेराचा भोंगा वाजला की नातू तुमचा हात धरून दारात धावत असेल, ते सुख त्याचे आणि तुमचेही आहे. फक्त कपातला चहा तुमच्यापुरता ठेवा आणि त्याला पावाबरोबर अळसांद्याचे तोणाक (रस्सा) द्या, नाहीतर अंड्याची पोळी. दुपारी तांबडी भाजी, मासळीचा तुकडा, वर लिंबू पिळून. पेरूच्या दिवसांत पेरूची बारीक फोड. आंबट फळांनी भाजीतले लोह अंगी लागते. कधी कधी कोंबडीचे काळीजही द्या, अगदी थोडे.

पण ८.९ वरून नुसत्या जेवणाने लवकर वर येत नाही. औषध पुन्हा सुरू करायलाच हवे. मात्रा डॉक्टर वजनावरून ठरवतील आणि हिमोग्लोबिन भरल्यावरही काही महिने चालू ठेवायला सांगतील, कारण अंगातला साठाही भरायचा असतो. दातांवरचा काळेपणा वरवरचा असतो. औषध जिभेच्या मागच्या बाजूला सोडा, लगेच पाणी पाजा, दात पुसा. शी काळी होईल, त्याला घाबरू नका. औषधाची बाटली मात्र कुलपात ठेवा. लोहाचे गोड औषध किंवा घरातल्या बायकांच्या लोहाच्या गोळ्या मुलाने एकदम जास्त घेतल्या तर ते विष होते. तसे झाले तर उलटी करवत बसू नका, औषध हातात घेऊन लगेच रुग्णालय गाठा.

प्रश्न : काजूच्या हंगामात घरात सगळीकडे बिया आणि गर. परवा आमच्या सव्वा वर्षाच्या मुलाने भाजलेला काजूगर तोंडात घातला आणि घुसमटला. पाठीवर थापट्या मारल्यावर बाहेर आला. अजून माझे हात कापतात. पुन्हा झाले तर काय करू?
– एक आई, फोंडा तालुका

उत्तर : तू वेळेवर पाठीवर मारलेस, त्यानेच तो वाचला.

मूल जोरात खोकत असेल, रडत असेल, तर त्याला खोकू दे. आवाज निघत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर त्याला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरदार फटके दे. नाही निघाले तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर मूठ ठेव आणि आत-वर असे पाच झटके दे. पुन्हा फटके, पुन्हा झटके. वर्षाच्या आतल्या बाळाचे पोट दाबायचे नाही. त्याला हातावर पालथे घालून, डोके खाली ठेवून पाच फटके द्यायचे, मग उताणे करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच वेळा दाबायचे. दिसत नसताना घशात बोट घालू नकोस, वस्तू आणखी आत जाते. दुसऱ्या कुणाला तरी १०८ लावायला सांग.

आणि हे ध्यानात ठेव. येत्या काही दिवसांत त्याचा खोकला राहिला, किंवा छातीतून शिट्टीसारखा आवाज आला, तर सर्दी समजून घरी बसू नकोस. गराचा तुकडा श्वासनळीत अडकलेला असू शकतो. डॉक्टरांना काजूची गोष्ट आवर्जून सांग, नाहीतर ते खोकल्याचे औषध देऊन पाठवतील.

अख्खे काजू, शेंगदाणे, चणे पाच वर्षांपर्यंत नकोत. काजूची पूड तिजानीत घाल, ती उत्तम. द्राक्षे उभी चिरून चार तुकडे. चवथीला गणपतीवर फळे टांगलेल्या माटोळीखाली मुलाला एकटे सोडू नकोस. कवंडाळाचे तांबडे फळ मुलांना खुणावते आणि ते खायचे नसते. कच्च्या बियांच्या सालीतले तेल ओठ आणि कातडी भाजते, म्हणून ढीग उंबऱ्याच्या आत नकोच. कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेतल्या) घरात पाण्याची भांडी असतातच. धुण्याची बादली वापर झाल्याबरोबर उपडी कर. वीतभर पाण्यातही या वयाचे मूल बुडते, आणि बुडताना ते ओरडत नाही.

प्रश्न : दीड वर्षाच्या मुलीला जुलाब लागले की सासू म्हणते, फक्त पेज दे, दूध आणि जेवण बंद. दुकानातून ओआरएस म्हणून गोड पेयाचा खोका आणला तर चालेल का? पाकिटातली पावडर मी थोडी थोडी ग्लासात घालून देते.
– एक आई, डिचोली

उत्तर : पेज द्याच. वरच्या पत्रात मी जिला पाणी म्हटले तीच मीठ घातलेली पातळ पेज जुलाबात औषधासारखी काम करते, कारण भाताच्या पिष्टाबरोबर मीठ आणि पाणी आतड्यात शोषले जाते. पण दूध आणि जेवण बंद करू नका. उपाशी आतडे भरून येत नाही.

दुकानातला गोड खोका नको. साखर जास्त, मीठ कमी, त्याने जुलाब वाढू शकतात. अशा पेयांच्या नावात ओआरएस लिहायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मनाई केली, पण घरात जुना खोका असेल तर बघा. खरे पाकीट वीस ग्रॅमच्या आसपासचे असते आणि ते एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदम, पूर्ण घालायचे. थोडी थोडी पावडर ग्लासात घातली की कधी मीठ जास्त होते, कधी कमी, आणि दोन्ही वाईट. केलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्या. याच साध्या मीठ-साखरेच्या पाण्याने १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीचे रुग्ण वाचवले. प्रशिक्षणात आम्हाला ते सांगायचे तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा.

दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा आणि आणखी सावकाश द्या. सोबत झिंकची गोळी, वीस मिलिग्रॅम, रोज एक, चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पुरे करा, तिथेच सगळे सोडतात. शीमध्ये रक्त, डोळे खोल जाणे, सहा तास लघवी न होणे, मूल मलूल पडणे किंवा काहीच न पिणे, यांतले एकही दिसले तर रात्र असली तरी निघा.

बरी झाली की दोन आठवडे तिला रोज एक जेवण जास्त द्या, आणि शेवटी अंगणवाडीत वजन करा. ओआरएस आणि झिंक उपकेंद्रात फुकट मिळते. पावसाळा संपेपर्यंत दोन पाकिटे घरात असू द्या.